सूज उतरली की गोळ्या बंद करायच्या म्हणे! हार्ट फेल्युअरच्या त्या मेसेजला उत्तर

ठाण्यात सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. हार्ट फेल्युअरवाल्यांना डॉक्टर बीपी नसताना बीपीची आणि शुगर नसताना शुगरची गोळी देतात, त्याने किडनी जाते, त्यापेक्षा पायाची सूज उतरली की फक्त लघवीची गोळी ठेवा, बाकी बंद करा, आणि रोज नारळपाणी नि अर्जुनाचा काढा घ्या, असं त्यात लिहिलंय. मी नौपाड्यात मेडिकलच्या काउंटरवर असतो, डॉक्टर नाही, पण लोक मोबाईल पुढे करून विचारतात ते मलाच, म्हणून इथे लिहितोय.

"बीपी नाही तर बीपीची गोळी कशाला?" हार्टचं पंपिंग कमी झालं की शरीराला वाटतं रक्तच कमी पडतंय, मग ते अ‍ॅड्रिनलिनसारखी हार्मोन्स सोडतं, रक्तवाहिन्या आवळतं, मीठ-पाणी धरून ठेवतं. चार दिवस ठीक, पण हे महिनोन्महिने चाललं की थकलेल्या हार्टवरच जास्त लोड येतो आणि ते फुगत जातं. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, रामिप्रिल, सॅक्युबिट्रिल-वलसार्टन ह्या गोळ्या हा गोंधळ आवरायला असतात, बीपी उतरवायला नाही. बीपी त्यांनी उतरतंच, म्हणून तर डोस अगदी छोटा सुरू करून हळूहळू वाढवतात. आणि गंमत म्हणजे बीटा ब्लॉकर, म्हणजे ह्यातल्या मेटोप्रोलॉल-बिसोप्रोलॉल, ह्या आजारात देऊच नये असं एकेकाळी डॉक्टरांनाच शिकवायचे! १९९९ च्या मेरिट-एचएफ चाचणीत मेटोप्रोलॉलवाल्यांमधले मृत्यू औषध नसलेली नुसती दिखाव्याची गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी निघाले.

शुगरची गोळी म्हणजे डापाग्लिफ्लोझिन. मूळची ती शुगरचीच, खरंय. पण २०१९ च्या डापा-एचएफ चाचणीत निम्म्याहून जास्त पेशंटना डायबेटिस नव्हताच, आणि फायदा दोघांना सारखाच झाला. हिचा त्रास वेगळाच आहे, लघवीच्या जागी खाज, फंगल इन्फेक्शन. लोक लाजतात, कुणाला सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात, खरं तर साध्या क्रीमने बहुतेक वेळा जातं ते. उलट्या-जुलाब, ऑपरेशन किंवा कडक निर्जळी उपास असेल तर मात्र डॉक्टरांना आधी विचारायचं.

किडनीचं अर्धं खरं आहे. सुरुवातीला क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारा रक्तातला आकडा) थोडं वर जाऊ शकतं, ते अपेक्षितच असतं, म्हणून तर एक-दोन आठवड्यांत किडनी आणि पोटॅशियमची टेस्ट लिहून देतात. ती करायची सोडून गोळीच सोडली तर काय उपयोग? आणि हेच किडनीला घाबरणारे लोक दुसऱ्या हाताने गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक नाहीतर आयब्युप्रोफेन मागतात, चिठ्ठीशिवाय! ह्या पेनकिलर शरीरात मीठ-पाणी साठवतात, किडनीला त्रास देतात, हार्ट फेल्युअरमध्ये तर टाळायच्याच. त्यावर फॉरवर्ड कधी येत नाही.

आता सगळ्यात घातक ओळ, "सूज उतरली की बाकी बंद". काउंटरवर हे नेहमी दिसतं, काका पाचातली एकच रिकामी स्ट्रिप पुढे सरकवतात, "ही लघवीची दे रे, बाकीच्या राहू दे, आता बरं वाटतंय." लघवीची गोळी म्हणजे फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड, साठलेलं पाणी काढते, त्याच दिवशी दम कमी होतो, म्हणून ती खरी वाटते. पण आयुष्य वाढल्याचा पुरावा आहे तो ज्या गपचूप काम करतात त्या बाकीच्यांचा, म्हणजे काका नेमकी उलटी निवड करतायत. लंडनमध्ये ट्रेड-एचएफ नावाची चाचणी झाली, ५१ जण, सगळ्यांचं हार्ट मोठं होऊन कमजोर झालेलं आणि नंतर गोळ्यांवर सुधारलेलं, ईएफ (दर ठोक्याला हार्ट आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं तो आकडा) नॉर्मल, त्रास काही नाही. निम्म्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद केल्या, तर सहा महिन्यांत त्यातल्या ४४ टक्के लोकांचा आजार परत आला. चालू ठेवणाऱ्यांत एकाचाही नाही.

(हे सगळं मुख्यतः ईएफ ४० किंवा खाली गेलेल्यांबद्दल. ईएफ चांगला असून हार्ट कडक झालेलं असेल तर गोळ्यांचा हिशोब थोडा बदलतो.)

नारळपाणी. तलावपाळीला चालून झालं की एक शहाळं, छानच वाटतं, पण त्यात पोटॅशियम भरपूर, आणि स्पायरोनोलॅक्टोन (हीही हार्ट फेल्युअरमध्ये देतात), रामिप्रिल, सॅक्युबिट्रिल-वलसार्टन ह्या गोळ्याही पोटॅशियम वाढवतात. फार वाढलं तर हार्टचे ठोके बिघडतात, आधी काही जाणवलं नाही तरी. 'लो सोडियम' मिठाचंही तेच, त्यात बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असतं. अर्जुनाचं म्हणाल तर ह्या गोळ्यांसारख्या हजारो पेशंटांवरच्या चाचण्या त्याच्या झालेल्या नाहीत, घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, बदली म्हणून नको.

मला विचाराल तर मेसेज पटतो तो बिलामुळे. चार-पाच गोळ्या, दर महिन्याला, पेन्शनमधून. पण डापाग्लिफ्लोझिनचं एक पेटंट आपल्याकडे २०२० ला संपलं, दुसरं २०२३ ला, तिच्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ ला, आता कितीतरी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या मिळतात, जनऔषधी केंद्रातही चौकशी करा. परवडत नाही हे डॉक्टरांना सरळ सांगा, आणि संकोच वाटत असेल तर चिठ्ठी घेऊन काउंटरवर या, त्याच गोळीच्या स्वस्त कंपन्यांची नावं आणि भाव मागे लिहून देतो, तो कागद त्यांच्यापुढे ठेवा.