‘बाळाला कसलं आलंय मन?’

एक मेसेज पुन्हा फिरतोय. म्हणणं असं: तीन वर्षांपर्यंतचं मुलांना काही आठवत नाही, तेव्हा बाळाचं मानसिक आरोग्य हे नुसतं फॅड, रडलं की उचललंत तर डोक्यावर बसेल, आणि बाळंतपणानंतर आईला उदास वाटणं म्हणजे हल्लीचे चोचले. पाठवणाऱ्यांत माझी जवळची माणसंही आहेत, म्हणून नुसतं दुर्लक्ष करवत नाही.

‘आठवत नाही’ हे खरंय. पण चालायला कधी शिकलो हे तरी कुणाला आठवतं? चालणं काही विसरत नाही. बाळाला काही जाणवत नाही या समजापायी १९८०च्या दशकापर्यंत कितीतरी नवजात बाळांवर पुरेशी भूल न देताच शस्त्रक्रिया होत. बालरोगतज्ज्ञ कन्वलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिलं, की नीट भूल दिलेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी येतो आणि ती जास्त चांगली सावरतात.

मनाचं म्हणाल, तर मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७०च्या दशकातला प्रयोग पाहा. आई काही महिन्यांच्या बाळाशी हसतखेळत बोलते. मग सांगितल्याप्रमाणे चेहरा एकदम निर्विकार करते. बाळ आधी हसून बघतं. मग हात पुढे करतं, आवाज काढतं. तरी काहीच नाही म्हटल्यावर नजर वळवतं, अंग चोरतं, शेवटी रडतं. हे सगळं दोन-तीन मिनिटांत. याला मन नाही म्हणायचं, तर मन म्हणायचं तरी कशाला? ट्रॉनिक यांचं आणखी एक निरीक्षण मला जास्त दिलासा देतं: आई-बाळाचे सूर एरवीही सारखे चुकतात. ते पुन्हा जुळणं महत्त्वाचं. चोवीस तास हसरी आई कुणालाच नको आहे.

आता ‘डोक्यावर बसेल’. १९८६च्या एका अभ्यासात काही आईवडिलांना बाळ रोज जास्त वेळ उचलून घ्यायला सांगितलं. सहाव्या आठवड्यात, म्हणजे रडणं सहसा शिगेला पोचतं तेव्हा, ती बाळं इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर झोपेची सवय लावणं हा वेगळा विषय. त्यात थोडं रडू दिल्याने नुकसान होतं असं दिसलेलं नाही. आणि आपलाच तोल जातोय असं वाटलं तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून दहा मिनिटं बाजूला व्हा. त्याला गदागदा हलवू मात्र कधीही नका.

राहिले ‘चोचले’. पहिल्या काही दिवसांतलं रडू येणं बहुतेकींचं दोनेक आठवड्यांत ओसरतं. त्याहून लांबलं तर तो आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. वडीलही यातून सुटत नाहीत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

प्रयोगातल्या आईला चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलेलं असतं. नैराश्यातल्या आईला कुणी सांगितलेलं नसतं. तिला हसताच येत नाही. हे नैराश्य हेरायला १९८७ साली एडिनबरा प्रश्नावली तयार झाली. तिच्यात दहा प्रश्न आहेत, गेल्या सात दिवसांबद्दलचे. पहिलाच प्रश्न हसू येतं का, हा आहे.