स्टॅक घेण्याआधी ताटाचा हिशेब करा

पोलीस भरतीची चाहूल लागली की जिममधली गर्दी वाढते आणि तिच्या मागोमाग सप्लिमेंटच्या दुकानातलीही. मी साताऱ्यात मुलांना ट्रेनिंग देतो. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं शेतकरी घरातली, कुणी गॅरेजवर, कुणी कुरिअरच्या गाडीवर, कुणी रात्रपाळीला. महिन्याला हातात पडणाऱ्या पैशातला मोठा हिस्सा ‘स्टॅक’ नावाखाली जातो. व्हे (दुधाच्या निवळीपासून केलेली प्रोटीन पावडर), मास गेनर (वजन वाढवायची पावडर), बीसीएए, ग्लुटामाइन, प्री-वर्कआउट (व्यायामाआधी तरतरीसाठी घेतात ती पावडर), फॅट बर्नर (चरबी घटवायच्या गोळ्या) असे पाच-सहा डबे एकदम. दुकानदार सांगतो, ‘हे सगळं एकत्र घेतलं तरच रिझल्ट येतो.’ या एका वाक्याचा मला मनापासून राग आहे. एकमेकांत मिसळून फायदा वाढेल अशा गोष्टी फार थोड्या आहेत. बाकीच्या डब्यांत तीच वस्तू पुन्हा पुन्हा विकलेली असते आणि काही जोड्या तर सरळ धोक्याच्या आहेत.

सुरुवात प्रोटीनपासून करू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. साध्या माणसाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, असं आपल्या आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेचं म्हणणं आहे. वजनं उचलणाऱ्याला जास्त लागतं. २०१८ साली अनेक प्रयोग एकत्र करून झालेल्या मोठ्या विश्लेषणात असं दिसलं की किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूंच्या वाढीत सरासरीने फारशी भर पडत नाही. म्हणजे ६५ किलोच्या पोराला १०४ ग्रॅम.

आता त्याचं ताट बघा. दिवसभरात पाच-सहा पोळ्या किंवा भाकऱ्या, दोन वाट्या घट्ट वरण, थोडा भात, अर्धा लिटर दूध. हे सगळं मिळून ५० ते ५५ ग्रॅम होतं. त्यात चार अंडी आली की २४ ग्रॅम वाढले. ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून रश्श्यात टाकल्या की आणखी २५-२६. झाले १०४. एकही डबा न उघडता. अंडी चालत नसतील, आई वड्या करून देत नसेल, रात्रपाळीमुळे जेवण चुकत असेल, तर तिथे व्हेचा एक स्कूप कामाला येतो. त्यात साधारण २४ ग्रॅम प्रोटीन असतं आणि ते पचायला हलकं, करायला सोपं. व्हेची खरी किंमत या सोयीत आहे. ताटात भागत असेल तर वरून स्कूप टाकून दंड वाढत नाहीत. आणि वर्कआउट संपल्यावर अर्ध्या तासात शेक प्यायला नाही तर सगळी मेहनत वाया, या भीतीने घामेजल्या अंगाने शेकर हलवत पळायची गरज नाही. दिवसाची बेरीज पुरी होतेय का आणि ती तीन-चार वेळांत विभागली जातेय का, एवढं बघा.

२०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आयसीएमआरने शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळाच, असं म्हटलंय. माझं मत थोडं वेगळं आहे. शुद्ध शाकाहारी घरातल्या, दिवसभर राबणाऱ्या पोराला एक स्कूप व्हे घेतल्याने मदत होते हे मी बघतो. पण त्यांची काळजी मला पूर्ण समजते. त्याच वर्षी केरळमधल्या एका डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. जवळपास ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. काहींत तर लिहिलंय त्याच्या निम्मंच प्रोटीन. काही नमुन्यांत बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, सापडलं. ज्या पोराने दोन महिने पैसे साठवून डबा घेतला त्याच्या पोटात हे जातं, हे वाचून मला झोप लागली नव्हती.

भेसळीची एक युक्ती माहीत असू द्या. प्रोटीन मोजायची जुनी पद्धत नायट्रोजन मोजते. मग उत्पादक ग्लायसिन, टॉरिन अशी स्वस्त अमिनो ॲसिडं (प्रोटीन ज्या घटकांपासून बनतं त्या जातीची रसायनं) मिसळतात, नायट्रोजन वाढतो, कागदावर प्रोटीन वाढतं, स्नायूंना मात्र काही मिळत नाही. म्हणून घटकांच्या यादीत ही नावं दिसली तर डबा परत ठेवा. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी लायसन्स नंबर, बॅच नंबर, त्या बॅचचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट, हे दुकानदाराला मागा. मागायला लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

मास गेनरबद्दल थोडक्यात: लेबल वाचा. बहुतेक डब्यांत माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली, झपाट्याने साखर होणारी पावडर सगळ्यात वर असते. दूध, केळी, शेंगदाणे, गूळ, तूप-भात यातून तेवढ्याच कॅलरी कितीतरी कमी पैशात मिळतात. बारीक पोराने वजन वाढवायला हेच खावं.

बीसीएए म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो ॲसिडं. व्हेमध्ये ती आधीच भरपूर असतात, अंड्यात-दुधातही असतात. व्हे घेऊन वर बीसीएए घेणं म्हणजे वाटीभर वरण वाढून झाल्यावर त्याच वरणातली डाळ वेगळी काढून तिचे पुन्हा पैसे घेण्यासारखं आहे. शिवाय स्नायू बांधायला नऊ आवश्यक अमिनो ॲसिडं लागतात, तीन घेऊन काम होत नाही. ग्लुटामाइन या अमिनो ॲसिडचंही तसंच. पोटभर खाणाऱ्या तरुण पोराच्या स्नायूंना त्याचा फायदा दिसलेला नाही. या दोन डब्यांचे पैसे वाचवा आणि अंड्यांचे ट्रे आणा.

आता ज्याचा फायदा खरोखर सिद्ध झालाय त्याबद्दल. क्रिएटिन मोनोहायड्रेट. इतकी तपासली गेलेली स्पोर्ट्स सप्लिमेंट क्वचितच असेल. जड सेट मारताना स्नायूंतली एटीपी ही ऊर्जा काही सेकंदांत संपते आणि ती लगेच पुन्हा तयार करायला फॉस्फोक्रिएटिन लागतं. क्रिएटिन घेतल्याने हा साठा वाढतो, मग आठव्या रेपला, म्हणजे आठव्या उचलीला, अडकणारा दहाव्यापर्यंत जातो, आणि महिनोन् महिने असं झालं की त्यातून ताकद आणि स्नायू वाढतात. मटण-मासे न खाणाऱ्यांच्या शरीरात हा साठा मुळातच कमी असतो, त्यामुळे शाकाहारी मुलांना त्याचा फरक अनेकदा जास्त जाणवतो. हे आपल्याकडे फार कमी जण सांगतात.

रोज ३ ते ५ ग्रॅम, कोणत्याही वेळी, पाण्यात, दुधात किंवा ताकात. पहिल्या आठवड्यात रोज २० ग्रॅमचं लोडिंग केलं तर साठा लवकर भरतो, पण रोजच्या ५ ग्रॅमनेही तीन-चार आठवड्यांत तिथेच पोचता. घाई नसेल तर लोडिंग नको, पोट बिघडतं. २५० ग्रॅमचा साधा मोनोहायड्रेटचा डबा ५ ग्रॅमने ५० दिवस पुरतो. क्रिएटिन एचसीएल वगैरे महागड्या प्रकारांनी त्याहून चांगलं काम केल्याचा पुरावा नाही. सुरुवातीला एक-दोन किलो वजन वाढतं, ते स्नायूंत ओढलेलं पाणी असतं. १६०० मीटर धावायचं असेल तर हे लक्षात ठेवा. भरतीच्या मैदानी परीक्षेच्या आठवडाभर आधी काहीही नवीन सुरू करू नका.

क्रिएटिनने किडनी जाते ही भीती घराघरांत आहे. निरोगी माणसात नेहमीच्या मात्रेने असं होत नाही. गोंधळ होतो तो रक्ततपासणीत. क्रिएटिनचं शरीरात क्रिएटिनिन होतं, आणि किडनीचा अंदाज त्याच क्रिएटिनिनवरून घेतात. रिपोर्टमध्ये आकडा थोडा वर दिसतो आणि घरात रडारड होते. डॉक्टरांना आधीच सांगा की मी क्रिएटिन घेतो. किडनीचा आजार असेल, बीपी-शुगर असेल, घरात कुणाला तसा इतिहास असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. मी स्वतः अशा मुलांना आधी तपासणी करायला पाठवतो.

प्री-वर्कआउटमध्ये मुख्य काम करतं ते कॅफिन. अंगाला मुंग्या येतात ते त्यातल्या बीटा-ॲलनिन या अमिनो ॲसिडमुळे. मुंग्या आल्या की पावडर ‘लागली’ असं पोरं समजतात, पण बीटा-ॲलनिनचा फायदा रोज ३ ते ६ ग्रॅम कित्येक आठवडे घेतल्यावर होतो, त्या दिवसाच्या मुंग्यांचा त्याच्याशी संबंध नाही. सिट्रुलिन या आणखी एका घटकाचंही नाव मोठं असतं, मात्रा अनेकदा तुटपुंजी. लेबलवर ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ लिहून प्रत्येक घटकाचा आकडा लपवला असेल तर घेऊच नका.

एकत्र करण्यातला खरा धोका इथे आहे. प्री-वर्कआउटच्या एका स्कूपमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकतं. फॅट बर्नरच्या गोळ्यांतही मुख्यतः कॅफिनच. वर दिवसभराचा चहा, एखादं एनर्जी ड्रिंक. निरोगी प्रौढाला दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी २०० पर्यंत ठीक मानतात. दोन डबे मिळून पोरगा एका संध्याकाळीच ती हद्द ओलांडतो, आणि त्याला ते माहीतही नसतं, कारण डब्यांची नावं वेगळी असतात. कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातला ३०० घेतलं तर रात्री बारालाही १५० अंगात आहे. झोप उडाली की स्नायू भरून कधी येणार? ज्यांना हवंय त्यांना मी व्यायामाच्या पाऊण तास आधी एक कप कडक काळी कॉफी घ्यायला सांगतो. संध्याकाळी उशिरा येणाऱ्यांना तीही नको म्हणतो.

अश्वगंधेबद्दल खूप जण विचारतात. २०१५ साली ५७ पुरुषांवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला होता, रोज दोनदा ३०० मिलिग्रॅम अर्क, आणि ताकद काहीशी वाढलेली दिसली. अभ्यास छोटा आहे. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. आपल्या मातीतली वनस्पती आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. काही ठिकाणी जिमच्या आडून मेफेन्टरमाइनची इंजेक्शनं विकली जातात. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब घसरला तर डॉक्टर वापरतात ते हे औषध. पोरं ते दंडात टोचून घेतात, कारण त्याने तरतरी येते, थकवा कळत नाही. रक्तदाब आणि हृदयाचे ठोके किती चढतील याचा भरवसा नाही, वर प्री-वर्कआउटचं कॅफिन असलं तर विचारूच नका. सवय लागते ती वेगळीच. पुण्यातही याचे साठे पोलिसांनी पकडलेत. हे सप्लिमेंट नाही. कुणी ‘पंप येईल’ म्हणून कुपी दाखवली तर ती जिम त्याच दिवशी सोडा आणि पोलिसांना किंवा अन्न व औषध प्रशासनाला कळवा. आईबापांनो, पोराच्या बॅगेत सिरिंज दिसली तर आरडाओरडा न करता त्याच्याजवळ बसा, विचारा, आणि डॉक्टरांकडे घेऊन जा.

आमच्याकडे तालमीत खुराक वस्ताद ठरवायचे. दूध किती, बदाम किती, तूप किती, हे पोराचं वजन आणि त्याची जोर-बैठकांची मेहनत बघून. वस्तादाला त्या बदामावर कमिशन नव्हतं. आज डबा विकणाऱ्यालाच त्यावर टक्के मिळतात, आणि पुष्कळ जिममध्ये सल्ला देणाराही तोच असतो. माझ्या व्यवसायातल्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की जिथे आपण सल्ला देतो तिथे विकू नका. मी विकत नाही.

ज्यांच्याकडे आधीच डबे आणलेले आहेत त्यांनी मागच्या बाजूच्या लेबलचा स्पष्ट फोटो, आपलं वय, वजन आणि दिवसभरात काय खाता ते इनबॉक्समध्ये पाठवा. रविवारी बसून एकेकाला उत्तर देतो, पैसे नकोत. फोटो मागच्या बाजूचा पाठवा, पुढच्या बाजूवर फक्त जाहिरात असते.