गप्प बसायला गोव्याला

कुजबुजणं कोल्हापुरात कुणाला जमत नाही. "कानात सांगतो" म्हणून आमच्याकडं जे सांगितलं जातं ते समोरच्या टपरीवाल्यालाही कळतं, आणि तो त्यावर आपलं मतही देतो. शाहू स्टेडियमवर पेठेच्या फुटबॉल टीमसाठी ओरडायचं, खासबागेत पायरीवर बसून खालच्या पैलवानाला डाव सांगायचा, यात घशाची जी मशागत होते ती जन्मभर पुरते. अशा गावच्या तीन माणसांनी एका होडीत बसून, तोंडं मिटून, पक्षी बघायचे ही कल्पना माझ्या मेव्हण्याची.

मेव्हण्याला पक्ष्यांचा नाद लागला त्याला फार काळ झालेला नाही. पण आमच्याकडं नाद लागला की अर्धा लागत नाही. हप्त्यावर १५०-६०० ची लेन्स आली. तिचं वजन दोन किलो, आणि ती धरायला ट्रायपॉड, आणि तो ट्रायपॉड धरायला मी. "दाजी, हक्काचं माणूस पाहिजे," असं त्यानं बहिणीच्या देखत सांगितल्यावर माझा हक्क संपला. त्याची भाषाही बदलली. ऊन पडलं तर "लाइट हार्ड आहे", ढग आले तर "लाइट फ्लॅट आहे". आयुष्यात पहिल्यांदा दिसलेल्या पक्ष्याला ही मंडळी 'लायफर' म्हणतात. रंकाळा आणि कळंबा ही दोन तळी मिळून त्याचे लायफर संपले होते.

खरं तर रंकाळ्यावरचे पक्षी मला आवडतात. त्यांना कोल्हापुरी कळतं. काठावर भेळवाले, फिरायला आलेली मंडळी, सायलेन्सर काढलेल्या बुलेटी, आणि आत वेलींतून जांभळ्या पाणकोंबड्या शेपूट उडवत आपापल्या कामाला लागलेल्या. वारकरी बदकं तर आमच्या गप्पा ऐकायला जवळ येतात असा माझा समज आहे. पण मेव्हण्याला पाहिजे होता खंड्याचा एक खास प्रकार. निळसर हिरवी पाठ, पांढरं पोट आणि गळ्याभोवती पांढरा पट्टा. आपला नेहमीचा तपकिरी डोक्याचा खंड्या विहिरीवर, तारेवर, कुठंही बसतो. हा पठ्ठ्या खारफुटीतच राहतो, खेकडे खातो आणि पश्चिम किनाऱ्यावर थोड्याच ठिकाणी दिसतो. त्यातलं एक ठिकाण गोवा.

इथं खरी अडचण सुरू झाली. कोल्हापुरातून गोव्याला पक्षी बघायला चाललोय हे वाक्य कुणालाही, कितीही गंभीर चेहऱ्यानं सांगा, समोरचा आधी हसतो. मग डोळा मारतो. आमच्या शेजाऱ्यांनी डोळा मारून झाल्यावर पैसे काढून हातात ठेवले. "आमच्यासाठी पण दोन पक्षी आणा," म्हणाले, "साडेसातशे एमएलचे."

निघायच्या आदल्या दिवशी मेव्हणा खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्मारकाला हात जोडून आला. "दाजी, बाबूराव पेंटरांनी ह्या गावात स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला. आपल्याला नुसता चालवायचाय." यावर काय बोलणार?

बायका-मुलांनी समुद्र मागून घेतला. गाडीत एक जागा उरली, आणि रिकामी सीट घेऊन गोव्याला जाणं आमच्यात पाप मानलं जातं, म्हणून तात्या आले. तात्या हे माझे चुलत सासरे. तरुणपणी तालमीत होते, नंतर वस्ताद झाले. पोरं आखाड्याच्या दुसऱ्या टोकाला जोर मारत असताना त्यांना इकडून मोजून द्यायचे. तोच आवाज अजून शिल्लक आहे, फक्त पोरं गेली.

आजरा, आंबोली, सावंतवाडी करत पोचलो. भल्या पहाटे रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं मांडवी ओलांडून चोडण बेटावर उतरलो. बेटाच्या टोकाला डॉ. सलीम अलींच्या नावाचं अभयारण्य आहे. दोन चौरस किलोमीटरही नसेल, पण सगळी खारफुटी. चिखलातून वर आलेली श्वास घेणारी मुळं, मध्ये अरुंद खाड्या. पाणी ओसरलं की चिखल उघडा पडतो आणि त्यातले किडे-शिंपले खायला पक्षी उतरतात. म्हणजे सगळा खेळ भरती-ओहोटीचा. मेव्हण्याच्या मोबाईलमध्ये त्यासाठी एक ॲप होतं, ते रेंज नसल्यामुळं गोल गोल फिरत होतं.

होडीवाल्याला ॲप लागलं नाही. "आज दुसरी तिथ. दोनाची पाऊणपट दीड. दीडाक भरती, साडेसातांक सुकती," तो म्हणाला आणि त्यानं वल्हं उचललं. सुकती म्हणजे ओहोटी. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते, असा हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. मी थक्क होऊन ऐकत होतो. पण माझ्यापेक्षा तात्या जास्त खूश झाले, कारण त्यांच्या शाळेत पाऊणकी पाठ करून घेत आणि तेव्हापासून आजवर ती त्यांना कुणीच विचारलेली नव्हती.

"आरं, ही तर आमची पाऊणकी!" तात्या गरजले. "एक पाऊण पाऊण! दोन पाऊण दीड!"

समोर चिखलावर शेकाटे उभे होते, लांब गुलाबी पायांवर, एका ओळीत. मागं टिलवे आणि तुतवार. मेव्हणा लेन्स लावून श्वास रोखून बसलेला. "तीन पाऊण सव्वादोन"ला तुतवार उडाले. "चार पाऊण तीन"ला टिलव्यांनी माना वर केल्या. होडीवाला म्हणाला, "ओगी रावात," म्हणजे गप्प राहा, पण तात्यांना वाटलं तो कौतुक करतोय. "पाच पाऊण पावणेचार"ला टिलवे गेले. शेकाटे बिचारे सोशिक असावेत, "आठ पाऊण सहा"पर्यंत थांबले. दहा पाऊण साडेसात झाले तेव्हा समोर चिखल होता, सूर्य होता, लाइट एकदम सुंदर होता, आणि एक कावळा होता.

मेव्हणा काही बोलला नाही. मोठ्यांना बोलायची पद्धत नाही आमच्यात. त्यानं फक्त माझ्याकडं बघितलं, जणू पाऊणकी मी शिकवली.

मग तात्यांना भूक लागली. पहाटे निघालो, पोटात काही नव्हतं, हे मान्य. पण त्यांनी पिशवीतून काढलं काय, तर जयसिंगपूरचा भडंग. ज्यांनी खाल्लाय त्यांना ठाऊक आहे, भडंग चांगला असला की तो आवाजावरून कळतो. हा फारच चांगला होता. त्यात लसूण तळलेला, शेंगदाणे खरपूस. पहिल्या घासाला खारफुटीच्या आतून एक बगळ्यांचा थवा उठला. "हे कुठं लपलं हुतं?" तात्यांनी विचारलं आणि दुसरा घास घेतला.

मी सुद्धा मूठभर घेतला. तोंडात धरून विरघळवायचा प्रयत्न केला. भडंग विरघळत नाही.

या सगळ्यात मला खरी करमणूक चिखलात सापडली. तिथं बोटाएवढे खेकडे असतात, त्यातल्या नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी, आणि दिवसभर तो ती नांगी वर करून हलवत असतो. माद्यांना बोलवायला आणि दुसऱ्या नरांना दम द्यायला. बिळाच्या तोंडाशी उभा राहून शड्डू ठोकणारा तो पैलवान बघून तात्या इतके हळवे झाले की त्यांनी त्याला नाव ठेवलं, त्याच्या प्रतिस्पर्ध्याला पण ठेवलं, आणि निकाल लागेपर्यंत होडी हलवू दिली नाही. निकाल लागला नाही. एक निवटी, म्हणजे चिखलात उड्या मारणारी मासोळी, मध्येच आली आणि दोघंही बिळात गेले. तात्यांच्या मते कुस्ती बरोबरीत सुटली.

"एवढ्या वेळात चित्त्यानं चार काळविटं आणली असती," त्यांनी मेव्हण्याला सुनावलं. संस्थानच्या काळात कोल्हापुरात पाळलेल्या चित्त्यांकडून शिकार करायचे, त्याच्या गोष्टी तात्यांनी आज्ज्याकडून ऐकलेल्या. "आणि तू सकाळधरनं एक खंड्या आणंना झालास."

आता मेव्हण्याचा एक गुण सांगायला हवा. बरेच फोटोवाले मोबाईलवर पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज लावतात. आपल्या हद्दीत दुसरा घुसला असं समजून खरा पक्षी खाणंपिणं सोडून भांडायला बाहेर येतो आणि फोटोत सापडतो. विणीच्या दिवसांत तर याचा फार त्रास होतो त्यांना. मेव्हणा हे करत नाही, कुणी केलं तर भांडतो. तात्यांना त्यानं हे समजावून सांगितलं. तात्या विचार करून म्हणाले, "म्हंजे पेठंतलंच हाय की सगळं."

दुसऱ्या दिवशी होडीवाल्यानंच आम्हाला कुंभारजुव्याच्या कालव्यात नेलं. मला वाटतं त्याचा हेतू आम्हाला गप्प करण्याचा होता. मांडवी आणि झुआरीला जोडणारं ते पाणी आहे. मगर साधारणपणे गोड्या पाण्यातली, पण इथल्या मगरी या खाऱ्या पाण्यात सुखानं नांदतात. एका वळणावर त्यानं वल्हं थांबवून काठाकडं हनुवटी केली. चिखलावर एक ओंडका पडला होता. मग ओंडक्यानं डोळा उघडला, आणि कसलाही आवाज न करता सगळाच्या सगळा पाण्यात शिरला. आमच्याच बाजूच्या पाण्यात.

तात्या गप्प झाले. लग्नात, मयताला, मतमोजणीच्या दिवशी, कधीही न झालेली गोष्ट मी डोळ्यांनी बघितली. भडंगाची पिशवी मांडीवर, हात पिशवीत, तोंड मिटलेलं. कालव्यात इतकी शांतता झाली की मेव्हण्याच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं.

आणि तो आला. गळ्याला पांढरा पट्टा, पाठ निळी-हिरवी, चोचीत छोटा खेकडा. होडीला लागूनच जाळ्याचा एक खुंट पाण्यात रोवलेला होता, त्यावर येऊन बसला. हात लांबवला असता तर शेपटीला लागला असता. त्यानं खेकडा खुंटावर दोनदा आपटला, गिळला, आणि आमच्याकडं बघितलं. लाइट हार्ड नव्हता, फ्लॅटही नव्हता.

मेव्हण्यानं लेन्स वळवली. लेन्स घर्र घर्र करत मागं-पुढं होऊ लागली. कारण त्या हप्त्यावरच्या तोफेला दोन-अडीच मीटरच्या आतलं काही दिसतच नाही! खाडीपलीकडच्या पक्ष्याचं पीस न् पीस दाखवेल, नाकासमोरचा खंड्या मात्र तिच्यासाठी हिरवा धूर. मेव्हण्याच्या कपाळावर घाम आला. तो बसल्या जागी, सेंटीमीटर सेंटीमीटर करत मागं सरकू लागला. मी ट्रायपॉड धरून त्याच्याबरोबर सरकलो. होडी आमच्या बाजूला कलली. पाणी काठाला आलं.

तात्यांनी जेवढा वेळ आवाज साठवला होता तेवढा एकदम सोडला.

"आरं मागं कुठं सरकतोस, मागं मगर हाय!"

तो आवाज झुआरीपर्यंत गेला असणार. खंड्या गेला. खारफुटीतून आम्हाला माहीत नसलेले चाळीसेक पक्षी गेले. एक घार आकाशात होती ती पण बाजूला झाली. मेव्हण्याचं बोट दचकून बटणावर पडलं आणि कॅमेऱ्यानं न थांबता खुंटाचे फोटो काढले, सगळे अतिशय शार्प, कारण तोवर आम्ही अडीच मीटर मागं पोचलो होतो.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोलत नव्हतं. हद्दीवरच्या नाक्यावर हात आडवा आला. "डिकी उघडा." शेजाऱ्यांचे पक्षी आम्ही आणलेले नव्हते, त्यामुळं मी निर्धास्त उतरलो. पण त्या हवालदाराची नजर लेन्सच्या बॅगेवर गेली. लांब, जाड, आतून मऊ गादी लावलेली.

"ह्यात काय?"

"पक्षी," मेव्हणा म्हणाला.

हवालदार हसला. मग त्यानं डोळा मारला. मग बॅग उघडली, लेन्स बाहेर काढली, उलटी करून हलवली, पुढच्या झाकणात बोट घालून वास घेतला. बाटली नाही म्हटल्यावर त्याला आमची काळजी वाटू लागली. "गोव्यास्नं येताय आन् काहीच न्हाई?" म्हणाला. "दाखवा बघू फोटो."

मेव्हण्यानं दाखवले. खुंट. खुंट. खुंट. तात्यांची टोपी. खुंट.

"पक्षी कुठाय?"

एव्हाना तात्या खाली उतरले होते. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ह्यो खुंट बघा. नीट बघा. ह्याच्यावर बसला हुता." आणि तिथून त्यांनी सगळी कहाणी सांगितली. भरतीची पाऊणपट, खेकड्यांची कुस्ती, मगर, गळ्यातला पट्टा. पक्षी कुणाच्या हद्दीत कसा भांडतो ते हातवारे करून दाखवलं. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले, ते त्यांच्या आवाजाखाली सहज दबले. नाक्यावरची बाकीची मंडळी चहाचे कप घेऊन गोळा झाली. गाडीतून बायको काचेवर टकटक करत होती.

सगळं ऐकून घेतल्यावर हवालदार खालच्या आवाजात म्हणाला, "मामा, एवढी हौस हाय तर आमच्या नाक्यामागं आंब्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी हाय. आता तिनीसांजंला बाहेर येती. फकस्त आवाज करू नगा."

मेव्हण्यानं माझ्याकडं बघितलं. "दाजी, ट्रायपॉड."

मी डिकीकडं वळतोय तोवर आंब्याखालून तात्यांनी विचारलं, "कुठाय? कुठल्या ढोलीत म्हणालासा?"