परदेशातून : बॉम जेझूला गिलावा परत द्या

जर्मनीतल्या बव्हेरियातलं वीसकिर्श हे चर्च डोमिनिकस झिमरमानने 1745 ते 1754 या काळात उभारलं. मुळात तो गिलाव्याचा कारागीर. त्याचा भाऊ योहान बाप्टिस्ट याने रंगवलेलं छत दगडी घुमट वाटतं. प्रत्यक्षात लाकडी पट्ट्यांवर गिलावा चढवून ते छपराच्या सांगाड्याला टांगलंय. वेदीजवळचे लाल-निळे खांब संगमरवरी दिसतात, पण हाताला तेवढे गार लागत नाहीत, कारण तेही गिलाव्याचेच. जिप्सम, सरसाचं पाणी आणि रंग मळून लावायचा, घासायचा, बारीक भोकं भरायची, पुन्हा घासायचा. इथला गिलावा खरवडला तर चर्चच उरणार नाही.

गोव्यात मात्र गिलावा खरवडलाच गेला. 1605 साली पूर्ण झालेल्या बॉम जेझू बॅसिलिकाचा बाहेरचा गिलावा 1950च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, काढला गेला. तो परत लावा, अशी मागणी 2020 मध्ये बॅसिलिकाच्या रेक्टरनी, म्हणजे प्रमुख धर्मगुरूंनी, केली. विरोध करणारे म्हणतात, तांबडा चिरा हीच आता तिची ओळख. दोन-तीन पिढ्यांनी ती तशीच पाहिली आहे, ही माया खोटी नाही. पण हा चिरा जांभ्या दगडाचा. जांभ्यात लोहाचं कडक जाळं आणि त्यात मऊ माती असते. उघड्या भिंतीवर पाऊस ती माती धुऊन नेतो, भोकं वाढतात, ओल आत मुरते. दर्शनी भागाचं कोरीवकाम वसईहून आणलेल्या काळ्या दगडात आहे, ते यासाठीच: काळा दगड उघडा ठेवायचा, जांभा झाकायचा.

मात्र सिमेंट नको. सिमेंट ओल कोंडून धरतं, भिंतीतल्या क्षारांचा लोणा फुटतो आणि गिलावा चिऱ्याचा पापुद्रा घेऊनच सुटतो. चुनाच हवा. तो भिजवून काही महिने मुरवायचा. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली, खारट नसलेली वाळू. पाऊस सरल्यावर सैल माती झाडायची, दरजा भरायच्या, भिंत भिजवायची. थर सेंटीमीटरभराचाच, जाड थर सुकताना तडकतो. पहिला आवळला की दुसरा, आणि ओली गोणपाटं लावून उन्हापासून जपायचा, कारण चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सावकाश कडक होतो. वर सफेदीचे पातळ हात, तेही दर काही वर्षांनी. घाई इथेच नडते.

आधी पावसाच्या माऱ्याच्या भिंतीवर दोन-तीन चौरस मीटरचा नमुना करा. एक अख्खा पावसाळा जाऊ द्या, मग शेजारच्या उघड्या चिऱ्याची ओल आणि नमुन्याखालच्या चिऱ्याची ओल मोजा.