‘जीपीएस सांगून फसवलं’ या रिव्ह्यूला चावीच्या दुकानातर्फे उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. आधी सॉरी म्हणतो, मनापासून. पावसात अंधार पडेपर्यंत वाट शोधत फिरायचं, गाडी पायथ्याला अडकलेली, घराला कुलूप आणि चाव्यांचा पत्ता नाही, असं कुणाचंच होऊ नये. आमच्याकडून घेतलेली वस्तू तेव्हा उपयोगी पडली नाही याचं वाईट वाटतंच.

आता तुम्ही जे लिहिलंय ते बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. चावी हरवली तर शोधता यावी म्हणून जुडग्याला लावायचा टॅग 1,350 ला घेतला, दुकानदाराने जीपीएस आहे सांगून फसवलं, अंजनेरीच्या डोंगरावर चाव्या हरवल्या तर अॅप सकाळचं पार्किंगचंच लोकेशन दाखवत राहिलं, फोन केला तर उचलला नाही, ऑनलाइन हाच टॅग हजारला मिळतो, इथे जाऊ नका. एक स्टार.

फोनचं आणि किमतीचं मी ऐकून घेईन. पण "जीपीएस सांगून फसवलं" हे वाचून मला रात्री जेवण गेलं नाही सर, खरं सांगतो. कारण हा शब्द मी टॅग विकताना एकाच कारणासाठी वापरतो, "हे जीपीएस नाही" हे सांगायला. काउंटरच्या काचेवर आतल्या बाजूने पिवळा कागद चिकटवलाय, माझ्याच हाताने लिहिलेला, "टॅगमध्ये सिम नाही, जीपीएस नाही, विचारून घ्या". दीड वर्ष झालं तो कागद तिथेच आहे, तुम्ही त्याच्यावरच हेल्मेट ठेवलं होतं.

त्या शनिवारी तुम्ही संध्याकाळी आलात, दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती, मशीनवर माझी एक चावी कापायची चालू होती, ती तशीच सोडून मी तुम्हाला टॅग दाखवायला आलो. तुमच्या कानात इअरफोन होता आणि तुम्ही ऑफिसच्या कॉलवर होतात, मधे मधे मला हाताने "बोला बोला" म्हणत होतात. मी तेव्हाही बोललो होतो की सर कॉल होऊ द्या मग सांगतो, तुम्ही म्हणालात घाई आहे, सकाळी लवकर निघायचंय. तरी मी सगळं सांगितलं. आता कॉलमध्ये तुम्हाला त्यातलं किती ऐकू आलं ते मला कसं कळणार?

परत एकदा सांगतो, निदान वाचणाऱ्यांना तरी कळेल. या टॅगमध्ये एक बटन सेल असतो, सीआर 2032, घड्याळात वगैरे असतो त्या जातीचा, ब्लूटूथ, आणि अॅपमधून वाजवता येतो असा छोटा बझर. बस. टॅग दर काही सेकंदांनी ब्लूटूथवर "मी इथे आहे" एवढंच ओरडत असतो आणि तो आवाज फार लांब जात नाही, मधे भिंत नाहीतर खडक आला की आणखी कमी. तो कुणाच्या तरी फोनने ऐकावा लागतो. ज्या फोनने ऐकला तो फोन स्वतःचं लोकेशन त्याला जोडून कुलूपबंद करून इंटरनेटवर पाठवतो आणि ते फक्त तुमच्या अॅपमध्ये उघडतं, ज्याच्या फोनने पाठवलं त्याला पत्ताही लागत नाही. म्हणजे टॅगला स्वतःला आपण कुठे आहोत हे माहीतच नसतं, त्याला शोधतात ते आजूबाजूच्या लोकांचे फोन. अॅपलवाल्यांनी 2021 मध्ये एअरटॅग आणला तो असाच चालतो, अँड्रॉइडचं असं नेटवर्क गुगलने 2024 पासून सुरू केलं, आणि तुमचा फोन अँड्रॉइड म्हणून मी तुम्हाला त्यातला टॅग दिला.

म्हणून आपल्या नाशिकात मेनरोडला, सीबीएस बसस्टँडला, गंगेवर म्हणजे गोदावरीवर रामकुंडापाशी चावी पडली तर बऱ्याचदा लगेच कळतं, कारण तिथे पावलापावलावर फोन आहेत. आमच्याच एका गिऱ्हाइकाची चावी काळाराम मंदिरात चपला काढताना पडली ती अर्ध्या तासात सापडली, बझर वाजवला तर चपलांच्या ढिगातून आवाज आला. जीपीएसवालं मशीन वेगळं असतं, द्राक्षाच्या गाड्यांना आणि ट्रॅक्टरला लावतात ते, त्यात सिम टाकावं लागतं, रिचार्ज करावा लागतो, त्याला गाडीच्या बॅटरीतून करंट द्यावा लागतो नाहीतर चार्जिंग करत बसा. चावीच्या जुडग्याला ते कोण लावणार! या टॅगचा सेल वर्षभर चालतो तो एवढ्याचसाठी, की त्यात जीपीएस नाही.

आता अंजनेरीचं. तुम्ही गेलात मंगळवारी. शनिवार-रविवारी पावसाळ्यात तिथे पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते, मंगळवारी भर पावसात किती माणसं वर असणार. त्यात वर रेंज नाही म्हणून बॅटरी वाचवायला तुम्ही फोन पार्किंगमध्येच फ्लाइट मोडवर टाकला, हे तुम्हीच मला फोनवर सांगितलंत. फ्लाइट मोडमध्ये तुमच्या फोनचं ब्लूटूथ पण बंद झालं सर. म्हणजे चावी तुमच्या खिशात होती तेव्हाही तुमचाच फोन तिला ऐकत नव्हता. शेवटचं ऐकलं ते पार्किंगमध्ये सकाळी पावणेआठला, म्हणून अॅपने पावणेआठ आणि पार्किंग दाखवलं. त्याला जेवढं माहीत होतं तेवढंच त्याने खरं सांगितलं. ब्लूटूथ आणि लोकेशन चालू असतं तर चावी कुठे पडली, मधल्या मंदिरापाशी की वरच्या तळ्यापाशी, याचा निदान अंदाज आला असता. हे मी तुमच्यावर ढकलायला लिहीत नाहीये, पण एक स्टार वाचून जो माणूस टॅग घ्यायचा रद्द करेल त्याला हे कळायला नको का?

एक गोष्ट आमच्याकडून राहिली आणि ती मी लपवणार नाही. गुगलच्या अॅपमध्ये एक सेटिंग असतं, त्यात आपोआप "फक्त जास्त वर्दळीच्या ठिकाणी" असं निवडलेलं असतं. म्हणजे एकट्यादुकट्या फोनने टॅग ऐकला तर लोकेशन दाखवत नाहीत, बऱ्याच फोननी ऐकला की मग दाखवतात. ते बदलून "सगळीकडे" करता येतं आणि त्याने कमी वर्दळीच्या जागी सापडायला मदत होते, अर्थात जवळून जाणाऱ्या बाकीच्यांच्या फोनमध्येही ते तसं हवं. तुमच्या फोनमध्ये टॅग जोडून दिला तो माझ्या भाच्याने, गर्दी होती, त्याने हे सेटिंग दाखवलं नाही. दाखवायला पाहिजे होतं. ती चूक आमची.

पण ते सेटिंग असं का ठेवलंय हेही सांगतो, कारण लोक त्यालाही शिव्या देतात. एकाच फोनने पाठवलेलं लोकेशन उघड झालं तर टॅग कुणाच्या तरी पर्समध्ये टाकून त्या बाईच्या घरापर्यंत माग काढता येईल. माझ्याकडे येतात असे लोक, बायकोच्या गाडीत लपवायचाय, कामवालीच्या पिशवीत टाकायचाय. मी देत नाही. 1,350 रुपये जातात तर जाऊ दे. आणि आता दुसऱ्याचा टॅग आपल्यासोबत फिरत असला तर आयफोन असो की अँड्रॉइड, फोन आपोआप सांगतो, हे मी प्रत्येक टॅगसोबत सांगतो, तुम्हालाही सांगितलं होतं. फसवायचंच असतं तर अशा लोकांना विकून मी कधीच दुप्पट धंदा केला असता.

फोनचं म्हणाल तर तुमचे तीन मिस्ड कॉल होते, संध्याकाळी साडेसातला. मी चावीच्या मशीनवर होतो, मशीन चालू असताना बाजूला ढोल वाजला तरी ऐकू येत नाही. आठ वाजून दहा मिनिटांनी मी स्वतः फोन केला आणि आपण अकरा मिनिटं बोललो, माझ्या फोनमध्ये नोंद आहे. "उचलला नाही" खरं आहे, पण त्याच्या पुढचं तुम्ही लिहिलं नाही.

किमतीचं, हो, ऑनलाइन स्वस्त मिळतो. आमच्याकडे जोडून देतो, चामड्याचा पट्टा त्यातच, वर्षाने सेल बदलून देतो त्याचे पैसे घेत नाही. ज्याला ऑनलाइन परवडतं त्याने घ्यावा, माझी तक्रार नाही.

सर, वडिलांनी हे काम फूटपाथवर लोखंडी पेटी आणि कानस घेऊन सुरू केलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये गंगेला पूर आला, भांडीबाजाराकडून पाणी आत शिरलं, ब्लँक चाव्यांचे सगळे खोके चिखलात गेले. तेव्हाही आम्ही लोकांच्या डुप्लिकेटसाठी ठेवलेल्या चाव्या एकेक धुवून, तेल लावून ज्याच्या त्याला परत दिल्या. चावीवाल्याचा धंदा विश्वासावरच असतो, लोक स्वतःच्या घराची चावी आमच्या हातात देतात आणि चहा पिऊन येतो म्हणतात. चावीवाल्याला "फसवलं" म्हणणं म्हणजे काय हे तुम्ही एकदा विचार करून बघा. परवा एक ताई आल्या, टॅग हातात घेतला, मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि नको म्हणून ठेवून गेल्या. काय वाचलं असेल ते मला माहितीये. पावसाळ्यात तसंही दुकानात गिऱ्हाईक कमी, भाच्याचा पगार, दुकानाचं भाडं, सगळं याच काउंटरवर चालतं. पाच स्टार द्या म्हणत नाही. फक्त तो एक शब्द काढा एवढीच विनंती.

आमच्याकडून काय सुधारता येईल ते बघतोच आहे, गर्दीच्या वेळी टॅग जोडून द्यायचा की नाही यावरही विचार चालू आहे, कागद मोठ्या अक्षरात करतोय. तुमच्या लॅचची चावी आम्हीच कापली होती, तिच्या दोन डुप्लिकेट आणि कपाटाची एक, पैसे न घेता करून देईन. स्कूटरचं तुम्ही कंपनीच्या शोरूममध्ये केलं असं कळलं, ठीक आहे.

आणि एक महत्त्वाचं, रागाच्या भरात टॅग अॅपमधून काढून टाकला नसेल तर प्लीज काढू नका, काढला तर मग कुणाचाही फोन जवळून गेला तरी तुम्हाला कळणार नाही. अॅपमध्ये "हरवलंय" असं मार्क करून ठेवा, म्हणजे कुणाच्या फोनने ऐकला की तुम्हाला मेसेज येईल. हा रविवार उघडीप असेल असं म्हणतायत, अंजनेरीला गर्दी होईल. तोपर्यंत काही आलं नाही तर रविवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून मी तुमच्यासोबत यायला तयार आहे, तुमचा फोन ब्लूटूथ चालू ठेवून हातात धरायचा आणि दर पन्नास पावलांवर बझर दाबत वर जायचं. टॅग पाण्यात टिकणारा आहे, बॉक्सवर आयपी 67 लिहिलंय, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालतो, पावसाने बिघडायला नको. सेल मी त्याच शनिवारी तुमच्यासमोर नवीन पॅकेट फोडून टाकला होता, त्याला अजून तीन आठवडेही झाले नाहीत. निघायचं असेल तर शनिवारी रात्री नऊपर्यंत दुकानाच्या नंबरवर सांगा, मी सकाळी सहाला सीबीएसपाशी थांबतो.