कळकळीची वीस मिनिटं

उपदेशाला उभं राहिल्यावर समोर जे दिसतं, ते आम्हा उपदेशकांना कुठल्याच बायबल कॉलेजात शिकवत नाहीत. पहिले तीन बाक रिकामे. चौथ्यावर महिला मंडळ, तेही एका टोकाला, कारण पंखा तिथे आहे. मागच्या भिंतीला टेकून तरुण संघ, मोबाइलवर पवित्र शास्त्र उघडून. निदान आम्ही तसं धरून चालतो. एवढ्या सगळ्यांना वीस मिनिटांत ख्रिस्ताचे शिष्य करायचं. प्रभूने स्वतः बाराजणांना जवळजवळ तीन वर्षं सोबत फिरवलं, तरी त्यातला एक फिरलाच.

उपदेशात कळकळ हवी, यावर मंडळीत एकमत आहे. नव्या पाळकसाहेबांबद्दल अभिप्राय असतो, "ज्ञान आहे हो, पण कळकळ नाही." जुन्यांबद्दल असतो, "कळकळ होती, पण कान दुखायचे." म्हणजे कळकळीचं माप आवाजावर. मग बिचारा उपदेशक तिसऱ्याच मिनिटाला वरच्या पट्टीत जातो आणि माइक ओठांना लावतो. माइक वीतभर लांब हवा. जवळ नेला की प, फ, ब, भ यांचे फटाके फुटतात, आणि पाप, पश्चात्ताप, बाप्तिस्मा, भक्ती हा आमचा सगळा माल त्याच घराण्यातला. शिवाय दहा मिनिटं ओरडून घसा बसला, की जिथे हळू बोलायचं असतं त्या शेवटाला नुसता खोकला उरतो.

खरी कळकळ कशी चालते, ते बायबलच्या जुन्या करारातल्या नहेम्याच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात आहे. एज्रा शास्त्री खास बनवलेल्या लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र, म्हणजे मोशेचे नियम, वाचतो. पंखे नाहीत, बाक नाहीत. लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे, जमलेल्या लोकांना अर्थ फोडून सांगतात. लोकांना समजतं, आणि मग ते रडतात. हा क्रम महत्त्वाचा. आमच्याकडे कीबोर्डवाला मागून हळूच सूर धरतो, रडू आधी येतं, आणि कशाबद्दल आलं ते घरी पोचेपर्यंत कळत नाही. पुढे तर कमालच आहे. रडणाऱ्या लोकांना सांगितलं जातं, रडू नका. जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्याच्याकडे काही तयार नाही त्याला वाटा पाठवा. रडणारी मंडळी अशी हातची सोडायला आमच्यातला एकही तयार होणार नाही. पण शिष्यपण त्या पाठवलेल्या वाट्यात आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात, पेन्टेकॉस्टच्या सणाच्या दिवशी, येशूचा शिष्य पेत्र याचं बोलणं लोकांच्या अंतःकरणाला टोचलं आणि त्यांनी विचारलं, आम्ही काय करावं? त्या दिवशीची तीन हजारांची भर आम्ही तोंडपाठ सांगतो. ते पुढे शिक्षणात, सहवासात, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत टिकून राहिले, हे लगेचचं ४२ वं वचन मात्र आकडा नसल्यामुळे राहून जातं.

टोचेल असा उपदेश सोमवारपासून करावा लागतो. आठ-दहा वचनं घ्यावीत, अख्खा अध्याय नको. ती रोज मोठ्याने वाचावीत. बुधवारपर्यंत भाष्यग्रंथ उघडू नयेत, नाहीतर वचन आपल्याला बोचण्याआधीच दुसऱ्याचं मलम तयार मिळतं. शुक्रवारी सगळा उपदेश एका वाक्यात लिहून पाहावा. जमला नाही, तर तो अजून शिजलेला नाही. मिनिटाला शंभरेक शब्द धरले तर वीस मिनिटांना दोन हजार होतात. त्यापेक्षा जास्त लिहिलं, की माणूस ते संपवायला धावतो. आणि शनिवारी रात्री व्हॉट्सअॅपवरून गरुडाच्या पिल्लाचा दृष्टांत उचलू नये. मंडळीच्या ग्रुपवर तो गुरुवारीच येऊन गेलेला असतो, आणि तोही गुलाबाच्या चित्रासकट.

सगळ्यात जास्त फसतं ते शेवटचं आवाहन. "आपण एकमेकांवर प्रीती केली पाहिजे," म्हटलं की चहूकडून आमेन येतो, कारण त्यात कुणाचाच खर्च नाही. "बांधाच्या वादावरून ज्या भावाशी बोलणं बंद आहे, त्याला या आठवड्यात फोन करा," म्हटलं की आमेन थांबतात आणि खोकले सुरू होतात. खोकले आले, की लागलं समजावं. फक्त त्या वेळी ठरावीक बाकाकडे बघू नये. ते कुटुंब पुढच्या रविवारी दुसऱ्या चर्चमध्ये दिसतं. आणि उपदेशकाचा स्वतःचा फोन आधी झालेला असावा. एज्राने आधी अभ्यास, मग आचरण, आणि मग शिकवणं असंच मनात धरलं होतं.

लांबीबद्दल आम्ही प्रेषित पौलाचा आधार घेतो. त्रोवस नावाच्या गावी तो मध्यरात्रीपर्यंत बोलला, खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून पडला, पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं, आणि वर येऊन भाकर मोडून उजाडेपर्यंत पुन्हा बोलला. पण पौल सकाळी गाव सोडून जाणार होता. आम्ही पुढच्या रविवारी परत हजर! वेळ घ्यायचाच असेल तर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या वाटेने जावं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी भजन-कीर्तन सोडलं नाही. कीर्तनात श्रोत्यालाही अधूनमधून गायला मिळतं, म्हणून दीड तास जड होत नाही. नुसतं बोलणं विसाव्या मिनिटाला जड होतं, आणि "शेवटचं एकच सांगतो" तिसऱ्यांदा म्हटल्याने हलकं होत नाही.

बाकीचं काम बुधवारच्या घरसभेत. तिथे तीन प्रश्न पुरतात: रविवारी कुठलं वचन होतं, काय करायचं ठरलं, आणि केलं का? पहिल्याला सगळे पाळकसाहेबांकडे बघतात. तिसऱ्याला "प्रार्थना चालू आहे" हे उत्तर घेऊ नये. "फोन केला, उचलला नाही," असं कुणी म्हणालं तर नंबर तपासून घ्यावा. पाच वर्षं अबोला असला की बहुतेक वेळा तो बदललेला असतो.