कोंडवाड्यातली माणसं

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने 11 ऑगस्ट 2025 ला आदेश दिला, की दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा. त्या रात्री इथे ह्यूस्टनमध्ये माझा फोन शांत झाला नाही. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातली आमची बॅच, माहेरचे लोक, डोंबिवलीच्या जुन्या सोसायटीचा ग्रुप, सगळीकडे एकच विषय. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो आदेश बदलला. नसबंदी आणि लस झालेली कुत्री जिथून आणली तिथेच सोडायची, पिसाळलेली किंवा अंगावर धावून जाणारी तेवढी ठेवून घ्यायची. मग 7 नोव्हेंबरला पुन्हा वेगळा आदेश आला: शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं, क्रीडासंकुलं इथली कुत्री उचलून निवाऱ्यात न्या आणि तिथे परत सोडू नका.

दर वेळी भांडण तेच. एक बाजू म्हणते, उचला आणि शेल्टरमध्ये टाका. दुसरी म्हणते, शेल्टर म्हणजे तुरुंग. दोन्ही बाजूंचे लांबलचक मजकूर मी वाचले. त्या निवाऱ्यात सकाळी सात वाजता कुलूप उघडून आत जाणाऱ्या माणसाबद्दल कुठेही एक ओळ नव्हती.

मी टेक्सासमधल्या एका सरकारी शेल्टरमध्ये काम करते. भारतातली पदवी असली तरी इथे पशुवैद्य म्हणून परवाना मिळवायला वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात, त्या खर्चिक आहेत आणि वेळखाऊही. तोवर मी तंत्रज्ञ आहे. म्हणजे लस टोचणं, रक्त काढणं, मायक्रोचिप आहे का ते यंत्र फिरवून बघणं आणि गरज पडली की पिंजरे धुणं. आणि सुई. तिच्याबद्दलच मला लिहायचं आहे.

भारतात बऱ्याच जणांची समजूत असते की अमेरिकेने हा प्रश्न केव्हाच सोडवला. अर्ध्यापुरतं ते खरं आहे. कुत्र्यांमधून कुत्र्यांमध्ये पसरणारा रेबीज इथून गेल्याचं 2007 साली जाहीर झालं, आणि ते लसीकरण, नसबंदी, परवाने, कुंपणं यांच्या अनेक दशकांच्या कामाचं फळ आहे. पण ह्यूस्टनच्या किंवा डॅलसच्या गरीब वस्त्यांमध्ये मोकाट कुत्री आजही दिसतात. आणि जी दिसत नाहीत, ती कुठे जातात? 2024 या एका वर्षात अमेरिकेतल्या शेल्टरांमध्ये सुमारे 58 लाख कुत्री-मांजरं आली आणि त्यांतल्या सुमारे 6 लाख 7 हजारांना मारावं लागलं. 1970 च्या दशकात हाच आकडा वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असल्याचे अंदाज आहेत, त्यामुळे सुधारणा प्रचंड झाली यात शंका नाही. तरी सहा लाख वेळा कुणीतरी पंजा हातात धरला, शीर शोधली आणि औषध सोडलं. हे काम यंत्र करत नाही. टेक्सासने तर 2013 मध्ये कुत्र्या-मांजरांसाठी गॅसची पेटी वापरायलाही बंदी घातली, आणि ते योग्यच झालं. राहिलं पेन्टोबार्बिटलचं इंजेक्शन, म्हणजे दोन माणसं: एक धरणारं, एक टोचणारं.

माझ्या भारतातल्या डॉक्टर मित्रांना वाटतं, यात काय विशेष, आपणही दुखण्याला कंटाळलेल्या जनावराला सोडवतोच की. तसं नाही. मरणाच्या दारातल्या जनावराला सोडवून घरी आलं की झोप लागते. इथे टेबलावर येतो तो दीड वर्षाचा, धडधाकट, शेपूट हलवत येणारा कुत्रा. त्याचा गुन्हा एवढाच, की तो मोठ्या आकाराचा आहे, त्याला कुणी न्यायला आलं नाही आणि आज सकाळी आणखी पंधरा आले आहेत. हरवलेल्या कुत्र्याला मालकासाठी काही दिवस राखून ठेवायचा नियम असतो, ते दिवस संपलेले असतात. आदल्या संध्याकाळी यादी लागते. नोकरीला लागल्यावर माणूस पहिल्यांदा हेच शिकतो, की यादीकडे घरी जाताना बघू नये. आणि सगळे बघतात.

यातली सगळ्यात क्रूर गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. शंभर डेसिबलच्या वर जाणाऱ्या भुंकण्यात, सिमेंटच्या जमिनीवर, दिवसाला काही मिनिटं फिरायला मिळून कुत्रा आठ-दहा आठवडे राहिला, की तो बदलतो. गोल गोल फिरत राहतो, जाळीवर नाक घासून रक्त काढतो, येणाऱ्या माणसाच्या अंगावर झेपावतो. ज्या कुत्र्याला वाचवायला आम्ही जास्त दिवस ठेवून घेतलं, तोच त्या दिवसांनी बिघडतो, त्याच्या कार्डावर तशी नोंद पडते आणि मग त्याला कुणी नेत नाही. ती नोंद आमच्यातलंच कुणीतरी लिहितं, आणि बहुतेक वेळा त्याच्यावर सगळ्यात जास्त जीव असलेलंच. कारण त्याच्यापाशी रोज तेच थांबलेलं असतं.

समाजशास्त्रज्ञ अर्नोल्ड आर्ल्यूक यांनी 1990 च्या दशकात शेल्टरमधल्या कामगारांमध्ये राहून हेच टिपलं होतं: जिवावर माया आहे म्हणून या कामात आलेल्या माणसांनाच जीव घ्यावा लागतो, आणि त्या विसंगतीसह जगण्यासाठी ती माणसं आपापल्या वाटा शोधतात. माझ्या सहकाऱ्यांच्या वाटा मला दिसतात. एक जण टेबलावर आणण्याआधी प्रत्येक कुत्र्याला बर्गरचा तुकडा भरवते, स्वतःच्या पैशाने. एक जण कुत्र्यांना नावं ठेवायचंच थांबला आहे, तो नंबर बोलतो. एक अतिशय हुशार मुलगी मांजरांच्या विणीचा हंगाम सुरू झाला की गप्प होते, आणि डबाभर पिल्लं आली की तिच्या हाताला कंप सुटतो. कितीतरी लोक वर्षभरात सोडून जातात, आणि जे उरतात त्यांच्यावर त्यांचंही काम पडतं.

माझ्यावर काय परिणाम झाला? घरी आमचा स्वतःचा कुत्रा दाराशी उड्या मारायचा आणि मी त्याच्या पायाची शीर बघायची. मुलीच्या वाढदिवसाला मी हसत होते, पण आत काहीच हलत नव्हतं. नवऱ्याने विचारलं, "आज कसा गेला दिवस?" की मी भाजी काय करू ते विचारायची. दुःख होणं मी समजू शकत होते, दुःख न होणं मला भीतीदायक वाटलं. इथे याला कम्पॅशन फटीग म्हणतात, म्हणजे सतत माया लावून लावून आलेला थकवा. मला समुपदेशक मिळाली ती माझ्या विम्यातून. कामावर तशी सोय कागदावर होती, प्रत्यक्षात नव्हती.

आणि वरून शिव्या. दर आठवड्याला कुणीतरी फोन करून आम्हाला खुनी म्हणतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, चार जुलैला, उडणाऱ्या फटाक्यांनी बिथरून पळालेली कुत्री पाच तारखेला आमच्या दारात येतात, घरभाडं वाढलं म्हणून कुत्रं सोडायला आलेलं कुटुंब रडत असतं, आणि त्याच काउंटरवर ज्याने स्वतः कधी नसबंदी केली नाही असा माणूस विचारतो, "तुम्ही झोपता कसे?"

तैवानमध्ये याचा शेवट फार वाईट झाला. 2016 साली तिथल्या एका सरकारी निवाऱ्याच्या तरुण पशुवैद्य संचालिकेने आपलं आयुष्य संपवलं. चांगल्या विद्यापीठातून शिकून, कुत्र्यांसाठी काही करावं म्हणून ती मुद्दाम त्या नोकरीत गेली होती. जागा नाही म्हणून कुत्री मारावी लागतात, हे तिने टीव्हीवर प्रामाणिकपणे सांगितलं, तेव्हा लोकांनी तिला कसाई ठरवलं. तिच्या जाण्याने देश हादरला. 2015 मध्येच मंजूर झालेला कायदा 4 फेब्रुवारी 2017 पासून लागू झाला आणि निवाऱ्यांत जागेअभावी मारणं बंद झालं. पण रस्त्यावरून कुत्री येणं थांबलं नव्हतं, त्यामुळे निवाऱ्यांमधली गर्दी वाढली आणि तिथे काम करणाऱ्यांच्या डोक्यावरचं ओझं फक्त वेगळ्या प्रकारचं झालं.

आपल्याकडच्या वादात नेमकं हेच मला दिसतं आहे. आपला कायदा निरोगी भटक्या कुत्र्याला मारू देत नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार असाध्य आजारी किंवा जीवघेण्या जखमी कुत्र्यालाच मरण देता येतं. मला हा नियम मान्य आहे आणि तो बदलू नये असं मला वाटतं. पण मग निवाऱ्यातून बाहेर पडायचा दरवाजा कुठला? 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 1 कोटी 53 लाख भटकी कुत्री मोजली गेली. त्यांतला छोटासा हिस्सा जरी कायमचा कोंडायचा म्हटला, तरी कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो, दत्तक जाणारे थोडे आणि दर आठवड्याला नवे येणार. अशा जागी सुई नसते, पण पार्व्हो आणि डिस्टेंपरसारखे कुत्र्यांचे साथीचे रोग असतात, दाटीतल्या मारामाऱ्या असतात, आणि सकाळी कुलूप उघडल्यावर रात्रीत मेलेलं उचलून बाजूला ठेवणं असतं.

ते कोण उचलणार? आमच्या बॅचमधला कुणी नाही. महापालिकेने ठेका दिलेल्या संस्थेचा रोजंदारीवरचा माणूस उचलणार, बहुधा ज्या समाजांवर आपण पिढ्यानपिढ्या मेलेली गुरं ओढायचं काम लादलं त्यांतलाच. कुत्री पकडायच्या गाडीवर जाळं घेऊन जाणारी मुलं मी शिकत असताना पाहिली आहेत. एका गल्लीत कुत्र्यांना खायला घालणारे त्यांच्या अंगावर जायचे, पुढच्या गल्लीत कुत्रा चावलेले ओरडायचे की इतके दिवस कुठे होतात. चावा त्यांनाच सगळ्यात जास्त बसायचा. आधीच घ्यायची रेबीजची प्रतिबंधक लस त्यांतल्या किती जणांना मिळाली असेल, असा विचार तेव्हा आम्हा विद्यार्थ्यांच्याही मनात आला नव्हता. आम्हाला मात्र ती टोचून घेतली होती.

माझी वहिनी डोंबिवलीला राहते. क्लासला जाताना माझ्या भाच्याच्या पोटरीला कुत्रा खोलवर चावला. लस एका ठिकाणी मिळाली, जखमेत सोडायचं इम्युनोग्लोब्युलिन शोधत ती आणि दादा रात्री दोन ठिकाणी फिरले. ती मला म्हणाली, "ताई, तुम्ही कुत्र्यांसाठी एवढं करता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण समोरच्या बाई रोज बिस्किटं टाकतात आणि माझं पोर रोज वळसा घालून जातं. घेऊन जा म्हणावं ना त्यांना कुठे तरी." तिच्या भीतीपुढे मी कुत्र्यांची बाजू मांडत बसले नाही. देशात 2024 मध्ये कुत्रा चावल्याच्या 37 लाखांहून अधिक नोंदी झाल्या. रेबीज एकदा लक्षणांपर्यंत गेला की जवळजवळ निश्चित मृत्यू, आणि चावल्या जाणाऱ्यांत मुलंही बरीच. ज्यांना याची चीड येते त्यांना प्राणिद्वेष्टे म्हणणं हा अन्याय आहे, आणि माझ्या प्राणिप्रेमी मित्रमैत्रिणी तो फार सहज करतात.

पण वहिनीला जे हवं आहे, म्हणजे पोराला सरळ रस्त्याने जाता यावं, ते निवारा देऊ शकत नाही. एका गल्लीतली कुत्री उचलली आणि कचरा तिथेच राहिला, तर शेजारची, लस न झालेली कुत्री ती जागा घेतात. ते देऊ शकतं लसीकरण. परिसरातल्या किमान 70 टक्के कुत्र्यांना दर वर्षी लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, हे जगभर सिद्ध झालं आहे, आणि त्याचं उदाहरण बघायला आपल्याला अमेरिकेला यायची गरज नाही. गोव्यात 2014 पासून मिशन रेबीज या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी सरकारबरोबर दारोदार, किनाऱ्याकिनाऱ्यावर जाळी घेऊन फिरून कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांत मुलांना चाव्यापासून कसं वाचायचं ते शिकवलं, आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. ते कुत्री कोंडून झालेलं नाही.

मुंबईला तर हा वाद नवाच नाही. 1832 च्या जूनमध्ये इंग्रजांनी भटकं कुत्रं मारणाऱ्याला इनाम लावलं, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले आणि फोर्टातलं कामकाज बंद पडलं. त्यातूनच 1834 साली सर जमशेटजी जीजीभाय आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांनी पांजरपोळ उभा केला. एकोणिसाव्या शतकातल्या त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. आज ज्यांना मोठमोठे निवारे हवे आहेत त्यांनी एवढंच पाहावं, की ती परंपरा जवळपास दोनशे वर्षं टिकली ती धर्मादायाच्या वाहत्या पैशावर आणि आपलं मानून राहिलेल्या माणसांवर. तीन वर्षांच्या ठेक्यावर ती टिकली नसती.

काही निवारे लागणारच, हे मला मान्य आहे. पिसाळल्याचा संशय असलेला, सतत चावणारा, अपघातात लुळा झालेला कुत्रा, शस्त्रक्रियेनंतरचे चार दिवस, यांना जागा हवी. रुग्णालयाच्या आवारातून हलवलेल्यांनाही हवी. तेवढ्यासाठी छोट्या, चालवता येण्याजोग्या जागा बांधा. पण त्यांच्या निविदेत पिंजऱ्यांच्या संख्येइतकीच माणसांची संख्याही लिहा. किती कुत्र्यांमागे किती माणसं, कामाला लागण्याआधी रेबीजची लस, चावा बसला तर पगारी रजा आणि सगळा खर्च. ज्या पशुवैद्याला मरण द्यावं लागतं त्याला ते सलग रोज करायला लावू नका, पाळी ठेवा, आणि त्याच्या सोबत दुसरं कुणी असू द्या. महिन्यातून एकदा तरी त्या सगळ्यांना समुपदेशकाशी बोलता यावं, आणि ते डॉक्टरइतकंच झाडूवाल्याच्याही वाट्याला यावं. डोंबिवलीत असा निवारा निघालाच, तर वहिनीने आणि समोरच्या बिस्किटवाल्या बाईंनी दोघींनी मिळून नगरसेवकाकडे जाऊन याच अटी मागाव्यात, असं मी परवा तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्या बाईंशी मी बोलत नाही, पण विचारून बघते."